शुभमंगल विश्राम

कुंदाताई निंभोरकरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, मदन महाल भागातल्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. ऑफिसातून येताना मी भाजी घेतली होती आणि दोन्ही हातांत पिशव्या धरून जिना चढत होते. मागून आवाज आला, "कोणाशी भांडून आल्या जी?"

मी वळून पाहिलं. खालच्या पायरीवर साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ओळख ना पाळख. मी जरा घुश्शातच सांगितलं की मी कोणाशीही भांडलेले नाही. बाईंनी मान डोलावली आणि शांतपणे म्हणाल्या, "मंग भांडायचं राहून गेलं असन. खांदे पार कानाले टेकले तुमचे."

खरं म्हणजे राहूनच गेलं होतं. त्या दिवशी आमच्या साहेबांनी माझं काम भलत्याच माणसाच्या नावावर खपवलं होतं आणि मी 'जी सर' म्हणून गप्प बसले होते. घरी येईस्तोवर रस्ताभर मी मनातल्या मनात त्यांची हजेरी घेत होते. हे सगळं एका परक्या बाईला माझ्या पाठीवर दिसावं, याचा मला रागच आला. मी मुळात तापट, त्यात न मागता सल्ला देणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलेलं नाही. तरी घरात शिरल्यावर पिशव्या ठेवल्या आणि आधी आरशासमोर गेले. खांदे खरंच कानापाशी होते.

कुंदाताई शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीकडच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या. यजमान तिथल्याच कारखान्यात होते. निवृत्तीनंतर दोघांनी फ्लॅट घेतला तो नेमका आमच्या डोक्यावरचा. शाळा सुटली तरी शाळेतल्या दोन गोष्टी ताईंनी सोडल्या नव्हत्या. एक ते बूट आणि दुसरा आवाज. आवाज कर्कश नव्हता, पण दूर जायचा. गच्चीवरून त्या खालच्या भाजीवाल्याला "भैया, रुको" म्हणाल्या की भाजीवाला तर थांबायचाच, पण रस्त्यानं जाणारा एखादा स्कूटरवालाही उगाच ब्रेक मारायचा. त्यांचे यजमान, त्यांना आम्ही भाऊजी म्हणायचो, बरोबर उलट. ते इतकं हळू बोलायचे की फोनवरच्या माणसाला लाइन कटली असं वाटायचं.

माणसाचा स्वभाव डोक्यात राहत नाही, असं कुंदाताईंचं ठाम मत होतं. तो अंगात कुठंतरी जागा धरून बसतो आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते. नवीन ओळख झाली की त्या आधी ती जागा शोधायच्या. माझा राग मानेत. भाऊजींची काळजी पायाच्या अंगठ्यांत. चिंता लागली की चपलेतल्या चपलेत त्यांचे अंगठे वळायचे. त्यामुळे पेन्शनच्या ऑफिसातून ते परत आले की ताई काय झालं असं विचारायच्याच नाहीत, सरळ त्यांच्या पायांकडे पाहायच्या. आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा मोठेपणा हनुवटीत होता. ती थोडी खाली आली की माणूस लाखात एक, असा ताईंचा निर्वाळा.

हे सगळं कुठल्या पुस्तकात आहे, असं मी एकदा खोचकपणे विचारलं. त्यांनी मलाच उलटं कामाला लावलं. म्हणाल्या, तू रोज काय बोलतेस ते ऐक. आपण दात-ओठ खातो, मूठ आवळतो, राग गिळतो, गोष्टी पोटात ठेवतो. छाती दडपते, हातपाय गळतात, कोणी मान टाकतो. "सगळं आपल्या बोलण्यातच आहे नं शैला. आपण नुसतं बोलतो, पाहत नाही."

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता 'अंग चोरणं'. कोणी खुर्चीच्या कडेवर आखडून बसलं की त्या विचारायच्या, काहून अंग चोरून राहिली, कोणाचं चोरलं? एकदा मंडळात एक नवी सून आली होती, माहेर रीव्याचं, मराठी जेमतेम समजायचं. तिला तेवढं 'चोरलं'च समजलं. ती रडवेली होऊन उभी राहिली, "दीदी, मैंने कुछ नहीं चुराया." सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, "चुराया है बेटा. अपने आप को चुरा के बैठी है. सामान वापस कर दे." ती सून पुढं मंडळातली सर्वांत मोठ्यांदा हसणारी बाई झाली.

हिवाळ्यात सकाळी गच्चीवर त्यांचा वर्ग भरायचा. मी पहिल्यांदा गेले ती मानेच्या दुखण्यानं टेकीला येऊन. तिथं व्यायाम म्हणावा असं फारसं काही नव्हतंच. धुणं पिळल्यावर पाणी झटकतो तसे हात झटकायचे, तोंड धुताना चोळतो तसे गाल चोळायचे आणि मग कठड्याला पाठ लावून नुसतं उभं राहायचं. उभ्या उभ्या अंगातलं कोण कोण अजून कामावर आहे ते शोधायचं. ताई रांगेतून फिरत एकेकीची झडती घ्यायच्या. "कपाळ काहून ड्युटीवर आहे? भोंगा झाला, शिफ्ट सुटली. जबड्याले बी घरी पाठव." कारखान्याच्या वस्तीत आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या अंगातलेही सगळे कामगारच होते.

मी एकदा तक्रार केली, की रविवारी दिवसभर काहीच करत नाही, तरी संध्याकाळी अंग मोडून येतं. असं का? ताई माझ्या मानेवर दोन बोटं ठेवून म्हणाल्या, "काही नाही कसं? दिवसभर तू सोतालेच धरून ठेवते. इतकं वजन धरलं तं थकशीनच नं." त्या दिवसापासून मी बसल्या जागी स्वतःला सोडून बघायला लागले. साहेब बदलले नाहीत, पण माझ्या मानेचं दुखणं हळूहळू कमी झालं. पुढं एकदा तेच काम पुन्हा भलत्याच्या नावावर जायला लागलं, तेव्हा मी साहेबांना स्वच्छ शब्दांत सांगू शकले, तेही आवाज न चढवता. याचं श्रेय गच्चीला द्यायचं की वयाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मात्र ताई भोंदू नव्हत्या. वर्गातल्या एकीनं छातीत दुखतं म्हणताच त्यांनी तिला हात-बित झटकायला न लावता तसंच रिक्षात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. हे माझ्या खात्यातलं नाही, असं त्या अशा वेळी म्हणायच्या. त्यांचं खातं कुठं संपतं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

जांभईवर त्यांचा फार जीव. तोंडावर हात न ठेवता, पार घसा दिसेल अशी जांभई देता आली पाहिजे, असा वर्गाचा नियमच होता. एकदा मंडळानं तणावमुक्त जीवनावर व्याख्यान ठेवलं. बाहेरगावाहून आलेले पाहुणे कोटाची सगळी बटणं लावून, पोडियम दोन्ही हातांनी गच्च पकडून बोलत होते. मुठी अशा आवळलेल्या की जणू तणावमुक्तीचा निबंध परीक्षेत लिहायला बसलेत. ताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पाहुण्यांकडे बघत एक लांबलचक, निवांत जांभई दिली. शेजारच्या बाईला आली, मग तिच्या शेजारचीला. बघता बघता मागच्या खुर्च्यांपर्यंत गेली. सेक्रेटरींची हनुवटी छतापर्यंत वर गेली होती. शेवटी पाहुण्यांनाच वाक्याच्या मध्ये जांभई आली, इतकी मोठी की डोळ्यांतून पाणी आलं. ते ओशाळून हसले, पोडियमवरचे हात सुटले आणि त्यानंतर ते आपल्या आईबद्दल जे काही बोलले, ते मला अजून आठवतं. आधीचं एक अक्षर आठवत नाही.

आणि त्यांचा तो 'सावधान'चा विनोद. तो आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ होता. ताई म्हणायच्या, शाळेत मी मुलांना सावधान सांगायची, पण लगेच विश्रामही सांगायची. लग्नात भटजी नुसतंच 'शुभमंगल सावधान' म्हणतात आणि दक्षिणा घेऊन निघून जातात. "विश्राम कोणी सांगतच नाही. मंग माणूस जन्मभर सावधानमधेच राहते." मराठी लग्नात त्या हटकून नवऱ्यामुलीच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली की पोरीच्या खांद्यांवर हलकेच हात ठेवून तिच्या कानात म्हणायच्या, विश्राम. माझी ऋचा लहान होती तेव्हा तिला वाटायचं, हा लग्नातला एक विधीच आहे.

ऋचा मोठी झाली आणि कॉलेजातल्या एका मित्राला घरी घेऊन आली. अभिषेक नाव, घर रांझीला, हिंदी बोलणारी माणसं. तो जिन्यावर असताना वरून कुंदाताई उतरत होत्या. त्यांना बघताच त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि टाचेला टाच लावून ताठ उभा राहिला. तो त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला विद्यार्थी निघाला. ताईंनी जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "अभी तक?"

मग त्यांनीच मला सांगितलं. हा मुलगा शाळेत डबासुद्धा सावधानमध्ये खायचा. वडिलांची जीभ तिखट आणि घरात सगळे त्यांच्या शिफ्टच्या वेळा बघून श्वास घेणारे. त्याला सैल सोड, सैल सोड म्हणून काही होईना, उलट तो हुकूम पाळायचा म्हणून आणखी ताठ व्हायचा. तेव्हा ताईंनी त्याला मुलींच्या दोरीउड्यांची दोरी फिरवायला उभं केलं. ताठ हातानं दोरी फिरत नाही. इतर मुलांनी चिडवलं, पण ताईंनी त्याला तिथून हलू दिलं नाही. वर्ष संपेपर्यंत त्याचा खांदा फिरायला लागला आणि मग तो बोलायलाही लागला. चेहरा शिकवलेला असतो, खांद्यांना कोणी शिकवत नाही, म्हणून आधी खांदे पाहायचे, असं त्या मला म्हणाल्या. ते मी तेव्हा नुसतंच ऐकलं.

एका गणपतीत मंडळाच्या बायकांनी लेझीम खेळली. त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आला. ताई तो आमच्याच सोफ्यावर बसून पाहत होत्या. खेळ संपवून बायका रांगेनं परत येत होत्या, तिथं त्यांनी तो थांबवला, मागं घेतला, पुन्हा पाहिला. म्हणाल्या, "ही बाई डावा हात चोरून राहिली." मी डोकावले आणि म्हटलं, ताई, ही तुम्हीच आहात. त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगून राहिली."

उजवा हात चालीबरोबर छान हलत होता. डावा मात्र कमरेशी चिकटून होता. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. नाव कंपाचं, पण ताईंना कंप फारसा नव्हताच. होता तो ताठरपणा. औषधं सुरू झाली, त्यांचा उपयोगही झाला, पण आजार आपल्या गतीनं पुढं सरकत राहिला. पावलं आखूड झाली. गच्चीवरून भाजीवाल्याला थांबवणारा आवाज समोरच्या खुर्चीपर्यंत पोचेना. आणि चेहरा थांबला. त्यावर हसू उमटेना की राग उमटेना. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला संतापच येतो. जिनं अख्ख्या इमारतीचे खांदे खाली आणले, तिच्याच अंगानं असं आखडावं? देवाला दुसरा आजार सापडला नव्हता?

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी गेलो होतो. ताई एका खुर्चीत शांत बसल्या होत्या. आधी कोणीतरी विचारलं, कुंदाताई रागावल्यात का आमच्यावर? ते ठीक होतं. पण मग मागून एक बाई दुसरीला म्हणाली, सगळ्यांना मोकळं व्हा म्हणून सांगायच्या, स्वतःच काहीतरी आत दाबून ठेवलं असणार, त्याशिवाय असं होतं का. बोलणारीला वाटलं असेल, ऐकू जाणार नाही. ताईंचा आवाज गेला होता, कान शाबूत होते. त्यांनी वाण घेतलं, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, चल.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं वर गेले. त्या बाईला काय काय सुनावणार आहे ते सगळं मी ताईंना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट करून पुटपुटल्या, "मान." मी मान सोडली. मग त्या थांबत थांबत बोलल्या. ऐकायला मला त्यांच्या अगदी जवळ सरकावं लागलं.

"ते बाई माझंच बोलणं बोलली, पण अर्धं. मन अंगात राहते, हे मी म्हटलं. पण अंग काही फक्त मनाचं घर नाही नं. त्यात आजारबी भाड्यानं येऊन राहते. हा माझा स्वभाव नाही शैला. हा भाडेकरू आहे."

बोलल्या ते शहाणपणाचं, पण वागल्या त्याच्या उलट. गच्चीवरचा वर्ग त्यांनी बंद केला. मंडळात जाणं सोडलं. कोणाकडे बारसं असो की पूजा, भाऊजी एकटेच जायचे आणि हळू आवाजात काहीतरी कारण सांगून यायचे. बंद चेहरा घेऊन चारचौघांत बसायचं आणि प्रत्येकाला 'मी रागावले नाही' म्हणून सांगत फिरायचं, हे त्यांना नको होतं. मला भीती वाटायची ती आजाराची नव्हती. ही बाई उंबरठ्याच्या आतच राहून जाईल, अशी वाटायची.

आणि उंबरठाच आडवा आला होता. दाराशी आलं की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. मोकळ्या खोलीत चालता यायचं, पण चौकट आली की संपलं. त्याच आठवड्यात एका सकाळी मी वाटीत भाजी घेऊन वर गेले तर त्या गॅलरीच्या दारात खिळून उभ्या होत्या. भाऊजी हात धरून विनवत होते, "चल नं कुंदा, चल नं." ते ओढत होते तसतशा त्या जास्तच ताठत होत्या. भाऊजींचे अंगठे चपलेत पार वळले होते.

एवढ्यात मागच्या शाळेच्या मैदानावर सव्वीस जानेवारीच्या परेडची प्रॅक्टिस सुरू झाली. लाउडस्पीकरवरून आवाज आला, तेज चल, एक-दो-एक, एक-दो-एक. आणि ताईंचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. त्या उंबरठा ओलांडून सरळ गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. आम्ही दोघं तोंडाचा आ करून पाहत राहिलो. नंतर डॉक्टर म्हणाले, यात नवल काही नाही, ठेका मिळाला की अशा रुग्णांचे पाय सुटतात. त्यांना नवल नसेल. मी भाजीची वाटी हातात धरून ढसाढसा रडले.

पण शाळेची परेड सव्वीस जानेवारीला संपली. त्यानंतर हुकूम द्यायचं काम भाऊजींवर आलं. उभ्या जन्मात ज्यानं रिक्षावाल्यालासुद्धा 'जरा थांबता का' असं विचारलं, त्या माणसाला रोज दाराशी उभं राहून 'तेज चल' म्हणायचं होतं. सुरुवातीला ते चक्क "तेज चल जी" म्हणायचे. ताईंचा पाय काही हलायचा नाही. दारात अडकलेल्या अवस्थेत, त्या खोल गेलेल्या आवाजात, त्या भाऊजींची शिकवणी घ्यायच्या. अहो, पोट सोडून बोला, ही विनंती नाही, हुकूम आहे. वरच्या मजल्यावरून येणारा भाऊजींचा आवाज आम्ही खाली चहा पिता पिता ऐकायचो. तो दिवसेंदिवस वाढत गेला. आमचे हे म्हणायचे, आज भाऊजींनी मोहीम जिंकली वाटतं. पण घरातल्या घरात. बाहेर चारचौघांत हुकूम द्यायला भाऊजी लाजायचे आणि बाहेर जायला ताई तयार नव्हत्या.

पुढल्या थंडीत ऋचाचं आणि अभिषेकचं लग्न ठरलं. मी पत्रिका घेऊन वर गेले. ताईंनी पत्रिका मांडीवर ठेवली आणि नाही म्हणाल्या. व्याह्यांकडची माणसं नवी. पहिल्या रांगेत अशी बाई बसली तर त्यांना वाटेल, मुलीकडच्यांना हे लग्न मान्य नाही. "तुझ्या आनंदात माझा हा चेहरा नको." मी पुष्कळ समजावलं, शेवटी चिडले, मग खाली आले.

मग ऋचा त्यांच्याकडे गेली. तिचं मराठी असं तसंच. घरात समजतं सगळं, बोलताना निम्मं हिंदीत जातं. ती ताईंच्या पायाशी बसली आणि एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही नाही आल्या तर मी जिंदगीभर सावधानमध्येच राहीन. मुझे विश्राम कौन बोलेगा?" ताईंच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोयच नव्हती. ऋचा खाली येऊन म्हणाली, पता नहीं आई.

लग्नानंतर काही महिन्यांतच निंभोरकर मंडळी नागपूरला मुलीजवळ राहायला गेली. त्यांना सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. सामान होतं, घाई होती, धड बोलणं झालं नाही. अजून फोनवर भाऊजींशी बोलते. आता ते खणखणीत बोलतात, फोन कानापासून लांब धरावा लागतो. पण ताई म्हटलं की मला स्टेशन आठवत नाही. लग्नाचा हॉल आठवतो.

मुहूर्त दुपारचा होता. वरात आली, स्वागत झालं, गुरुजी घाई करत होते आणि माझं लक्ष दाराकडे होतं. मंगलाष्टकांची तयारी झाली तेव्हा ताई आल्या. मोरपंखी साडी आणि खाली ते पांढरे बूट. हॉलच्या दाराला झेंडूच्या फुलांची कमान लावली होती. कमानीखाली आल्या आणि पाय चिकटले. मागं अभिषेकच्या काकवा, मावश्या, मुलं, सगळा लोंढा तुंबला. लोक माना उंचावून बघायला लागले. ताई परत फिरायला पाहत होत्या, पण पाय मागंही जाईनात.

भाऊजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा त्या सगळ्या गर्दीकडे. आणि पोट सोडून ओरडले, "तेज चल. एक-दो-एक."

सनईवाला थांबला. अख्खा हॉल वळला. व्याह्यांकडचे निम्मे लोक कारखान्यातले आणि रांझीच्याच शाळेत शिकलेले; त्यांना एवढंच पुरलं. कोणीतरी मागून 'एक-दो-एक' धरलं, मग दोन-चार जणांनी, मग टाळ्यांचा ठेकाच सुरू झाला. कुंदाताई त्या ठेक्यावर कमानीतून आत आल्या, मधल्या वाटेनं सरळ चालत गेल्या आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या. या वेळी डावा हात थोडा का होईना, हलत होता. मी पाहिला.

अंतरपाट धरला. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं आणि शेवटी सूर लावला, शुभमंगल सावधान. आमच्या लोकांनी अक्षता टाकल्या. आणि पलीकडे अभिषेकनं खाडकन टाचा जुळवल्या. मराठी लग्न त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि आम्हाला कोणालाच त्याला सांगायचं सुचलं नव्हतं. हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. त्याच्यामागे त्याचे शाळेतले मित्र उभे होते, तेही ताठ झाले. हा इकडचा रिवाज असावा अशा समजुतीनं सगळी रांग सावधानमध्ये. प्रत्येक कडव्याच्या शेवटी गुरुजी सावधान म्हणायचे आणि तो आणखी ताठ व्हायचा. अंतरपाट दूर झाला, ऋचा हार घेऊन समोर आली, तरी त्याची मान वाकेना. कपाळावर घाम आला होता. गंमत बाजूला राहिली आणि माझ्या लक्षात आलं, पोरगं खरंच घाबरलंय. पलीकडे त्याचे वडील ओठ घट्ट मिटून उभे होते. ऋचाचे हारासकट वर झालेले हात अवघडले आणि तिचेही खांदे हळूहळू कानांकडे निघाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"विश्राम."

तो कुठून आला असेल, मला माहीत नाही. वर्षभर समोरच्या खुर्चीपर्यंत न पोचलेला आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. अभिषेकचा डावा पाय आपोआप बाजूला पडला, हात पाठीमागे गेले. त्याच्या मागच्या सगळ्या रांगेचे पाय एकदम उघडले. आणि मग जे हसू फुटलं, त्यात त्याचे वडीलही हसले, गुरुजीही हसले. अभिषेकनं लांब श्वास सोडला, मान खाली वाकवली आणि ऋचानं हार घातला.

मी वळून पाहिलं. व्याह्यांकडच्या एक बाई कुंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघून जरा बिचकल्या होत्या. चेहरा दगडासारखा स्थिर होता. त्यावर काहीच नव्हतं. मी त्या बाईंचा हात धरला आणि म्हटलं, चेहरे पे मत जाइए दीदी, कंधे देखिए.

कुंदाताईंचे खांदे गदगदा हलत होते.